हातात घेऊन तर बघा

बायकांनी पैसे कसे जपावेत हे शिकवण्याचा पगार प्रेरणाला महिन्याला एकतीस हजार मिळायचा, आणि तो वीस तारखेच्या पुढं कधी पुरला नव्हता. सिडकोतल्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात पायांना मालीश करणारं यंत्र होतं, पोळ्या लाटणारं यंत्र होतं (त्यातून पोळीचा पापड निघायचा), आणि पसारा आवरण्यासाठी घेतलेल्या वेताच्या सात टोपल्या होत्या. टोपल्या ठेवायला जागा नसल्यानं त्या पलंगाखाली रिकाम्याच पडलेल्या. खर्च लिहिण्यासाठी तिनं कुलूपवाली एक वही मागवली होती. पहिल्या पानावर एकच नोंद होती : वही, साडेतीनशे.

तिचा नवरा ऋतुराज वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. तो भांडायचा नाही. पार्सलचे खोके सपाट करून गच्चीच्या जिन्यात रचून ठेवायचा आणि रद्दीवाला आला की म्हणायचा, "आपल्या घरात निदान पुठ्ठ्याचं तरी उत्पन्न आहे."

प्रेरणाची संस्था गावोगावच्या बचत गटांना अर्थसाक्षरतेचे धडे द्यायची. ऑगस्टात तिच्या वाट्याला फर्दापूर आलं. दर गुरुवारी एसटीनं जायचं, दुपारी दोन तास शिकवायचं, संध्याकाळी परत.

पहिल्या गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये एकतीस बायका जमल्या. प्रेरणानं भिंतीवर तक्ता लावला : थांबा, विचार करा, मग घ्या. ती छान बोलायची. वस्तू आवडली की लगेच घेऊ नका, चोवीस तास जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी निम्म्या वस्तूंची आठवणसुद्धा राहत नाही, असं तिनं पोटतिडकीनं सांगितलं.

मागच्या रांगेतून पन्नाशीच्या एका बाईनं हात वर केला. ती गीताबाई. लेण्यांकडं जाणाऱ्या फाट्यावर पर्यटकांना रंगीत दगड विकायची. टपरी मालकाची, माल मालकाचा. विकलेल्या दगडामागं गीताबाईला कमिशन.

"मॅडम, गिऱ्हाईक चोवीस तास थांबलं तर आम्ही खायाचं काय?"

हॉल खदखदून हसला. प्रेरणाही हसली. "तुम्ही विकताना नका सांगू हे," ती म्हणाली. "स्वतः घेताना लक्षात ठेवा."

"व्हय, हे बरं हाये," गीताबाई म्हणाली आणि खाली बसली.

परतीच्या बसला पाऊण तास होता. फाट्यावर ऊन होतं आणि सावली फक्त टपऱ्यांची. गीताबाईनं तिला स्टूल दिलं, पाणी दिलं, घर कुठं ते विचारलं, घरात कोण कोण ते विचारलं. मग एक दगड उचलला. बाहेरून बटाट्यासारखा मातकट, पण मधोमध फोडलेला, आणि आत जांभळे स्फटिक, जणू कुणी खडीसाखर जांभळात बुडवून भरून ठेवली होती.

"मला नको हं," प्रेरणा म्हणाली.

"घ्यायला कोन सांगतंय? हातात घेऊन तर बघा."

प्रेरणानं हातात घेतला. दगड गार होता आणि वाटला त्यापेक्षा जड. गीताबाई काहीच बोलली नाही. बराच वेळ गेल्यावर एवढंच म्हणाली, "ह्या रंगाचा हा एकच राहिलाय."

चोवीस तासांची थोरवी सांगून प्रेरणाला अजून चाळीस मिनिटंही झाली नव्हती. तिनं फोन काढला आणि मालकाच्या स्कॅनरवर अठ्ठावीसशे रुपये टाकले.

सिल्लोडपर्यंत ती खुशीत होती. सिल्लोडनंतर दगड मांडीला टोचू लागला.

घरी ऋतुराजनं तो फिरवून पाहिला. "हा काय करतो?"

"काही करत नाही. ठेवायचा असतो."

"कशावर?"

याचं उत्तर दोघांनी घरभर शोधलं. शेवटी दगड पोळ्या लाटायच्या यंत्रावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी स्कूटरचा हप्ता जायचा होता. प्रेरणाच्या खात्यात नेमके हप्त्यापुरते पैसे होते; आता तेवढे नव्हते. बँकेनं हप्ता परत पाठवला आणि वर दंड कापला. मेसेज ऋतुराजच्या फोनवर आला, कारण स्कूटर त्याच्या वाढदिवसाला प्रेरणानं त्याच्याच नावावर कर्ज काढून घेतलेली भेट होती. तो या वेळी खोक्यांचा विनोद करायला विसरला.

"गुरुवारी पुन्हा तिथंच जाणार आहेस ना?" तो म्हणाला. "परत देऊन ये."

तो ओरडला असता तर प्रेरणाला सोपं गेलं असतं.

पुढच्या गुरुवारी ती सकाळच्याच बसनं निघाली. टपरीवर पोहोचली तर फळीवर त्याच रंगाचे चार दगड मांडलेले.

"गीताबाई, एकच राहिलाय म्हणाला होता ना?"

"तवा एकच मांडला व्हता," गीताबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती आणि बेरकीपणाही नव्हता. प्रेरणानं हप्त्याची गोष्ट सांगितली तशी मात्र तिनं स्टूल पुढं ओढलं. "मालक माघारी घेत नाय मॅडम. पर तुम्ही हितं बसा. तुमचा दगड तुम्हीच इका. गेला तर पैसे तुमचे."

अशा रीतीनं अर्थसाक्षरतेच्या प्रशिक्षक फर्दापूरच्या फाट्यावर दगड विकायला बसल्या.

पहिलं गिऱ्हाईक नाशिकचं जोडपं. बाईनं दगड उचलला, डोळे चमकले. प्रेरणाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "विचार करा, घाई नाही. लेणी बघून या." बाईनं लगेच दगड खाली ठेवला. "येताना घेऊ," नवरा म्हणाला. त्यांची गाडी येताना थांबलीच नाही.

"तुमचा तक्ता लई खरा हाये," गीताबाई म्हणाली. "माणूस थांबलं की खरंच घेत नाय. आता माझं ऐका. दगड हातात दिला की आपण गप बसायचं. हात जड झाला की माणसाला खाली ठेवायची लाज वाटती. त्याच्या आधी घर इचारायचं. घर इचारलं की त्याला घरातला कोपरा दिसतो, आन् कोपरा दिसला की दगड त्याच्यात जाऊन बसतो."

प्रेरणाला तो पहिला गुरुवार आठवला. "मलाही तुम्ही घर विचारलं होतं."

"व्हय की. म्हनून तर सांगती."

तासाभरानं पुण्याच्या ऑफिसची सहल उतरली. त्यातली एक बाई घोळक्यातून बाजूला होऊन टपरीकडं आली. खांद्याला दोन पिशव्या आधीच होत्या. प्रेरणानं तिला पाणी विचारलं. घर विचारलं. नवीन फ्लॅट, अकरावा मजला, टीव्हीशेजारी एक कोपरा रिकामाच आहे हो. प्रेरणानं दगड तिच्या हातात दिला आणि ओठ घट्ट मिटून घेतले. गप्प बसणं सगळ्यात अवघड होतं. बाईच्या तोंडावर एक उजेड पसरला. प्रेरणानं तो कधी आरशात पाहिला नव्हता, पण ओळखला मात्र लगेच.

"केवढ्याला?"

"पस्तीसशे," प्रेरणा म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

बाईनं फोन काढला. प्रेरणाला वाटलं, सांगावं हिला, नको घेऊस, उद्या तुझाही कुठला तरी हप्ता असेल. ती बोलली नाही. तिलाही हप्ता भरायचा होता.

सहल निघून गेल्यावर तिला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची चीड आली. वर सातशे सुटले होते. ती उठली, फळीवरचा एक हिरवा दगड सहज उचलला, उजेडात धरला. गीताबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"आज नाय. दुसऱ्या कुनाला बी इकीन, तुम्हाला नाय."

दुपारी हॉलमध्ये प्रेरणानं तक्ता उघडलाच नाही. गीताबाईला पुढं बोलावलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, माणसाला वस्तू कशी घ्यायला लावतात ते." दोन तास कोणी घड्याळ बघितलं नाही. फेरीवाले बांगड्या कशा खपवतात, हप्त्यावर मिक्सर देणारा आधी लेकरांची नावं का विचारतो, एकेकीला आपापली फसगत आठवत गेली.

प्रेरणा त्या दिवसानं सुधारली असं नाही. पण रात्रीच्या जेवणानंतर फोनवर 'फक्त दोन शिल्लक' दिसलं की तिला आता फळीखाली झाकून ठेवलेले चार दगड दिसायचे. 'तुमच्यासाठी खास' वाचलं की वाटायचं, यानं मला घर कधी विचारलं? महिन्याभरात तीन पार्सलं आली. आधी अकरा यायची. एक कार्ड तिनं बंद केलं. दुसरं बंद करण्यासाठी फोन केला तर तिकडच्या मुलीनं इतक्या गोडीनं नवं कार्ड देऊ केलं की प्रेरणानं मध्येच फोन ठेवून दिला. पुठ्ठा कमी निघाल्याबद्दल रद्दीवाल्यानं ऋतुराजकडं चौकशी केली.

फर्दापूरचा अहवाल वाचून संस्थेचे प्रमुख इंद्रजीत सर भलतेच खूश झाले. त्यांनी गीताबाईंना शहरातल्या कार्यालयात बोलावलं : सगळ्या प्रशिक्षकांसाठी कार्यशाळा, विषय 'मोहाचे मानसशास्त्र'. गीताबाई एका पिशवीत नमुन्यादाखल बारा छोटे, स्वस्तातले दगड आणि मालकाचा स्कॅनर घेऊन आली. तासभर बोलली. हातात दिल्यावर गप्प कसं बसायचं ते दाखवण्यासाठी तिनं दगड रांगेनं प्रत्येकाच्या हातात दिले आणि खरंच गप्प बसली.

बारापैकी बारा दगड गेले. इंद्रजीत सरांनी दोन घेतले. "अभ्यासासाठी," असं ते म्हणाले. निम्म्यांनी स्कॅनरवर पैसे टाकले, निम्म्यांनी रोख दिले. प्रेरणानं आपल्या हातातला दगड पुढच्याकडं सरकवला, आणि तेवढ्यानंही तिला दम लागला.

संध्याकाळी ती गीताबाईला स्कूटरवरून बसस्थानकावर सोडायला निघाली. वाटेत गीताबाई म्हणाली, "औरंगपुऱ्यात थांबा जरा. धम्मदीक्षेच्या दिवसासाठी पांढरं लुगडं बघायचंय."

दुकानदारानं गादीवर पाच-सहा साड्या उलगडल्या. एक निळ्या काठाची होती. ती त्यानं गीताबाईच्या खांद्यावर टाकली, आरसा पुढं केला आणि विचारलं, "मावशी कुठल्या गावच्या?"

प्रेरणानं गीताबाईला कोपरानं हळूच ढोसलं.

"माहीत हाये मला," गीताबाई पुटपुटली. तिचे डोळे आरशावरून हलत नव्हते.

"हा शेवटचाच पीस आहे, मावशी."

"व्हय, आसंल." तिनं कमरेचा बटवा काढला. नऊशे सत्तर रुपये होते. साडी अकराशेची. तिनं बटवा गादीवर उलटा केला आणि गप्प बसली. दुकानदारही गप्प बसला. प्रेरणा दोघांकडं बघत राहिली. आपल्याला बाजूला उभं राहून हे बघायला मिळतंय याचं तिला अप्रूप वाटलं. शेवटी दुकानदारानं निःश्वास टाकला आणि साडीची घडी घातली.

बसस्थानकावर फर्दापूरची गाडी लागलेली होती. गीताबाईनं साडीची पिशवी छातीशी धरली आणि जरा ओशाळून म्हणाली, "मॅडम, तिकिटाला शंभर रुपये द्या. गुरुवारी देते."

"अहो, पिशवीत चार-पाच हजार रोख आहेत तुमच्या!"

"ते मालकाचं हाये," गीताबाई म्हणाली, जणू प्रेरणानं तिला दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत हात घालायला सांगितलं होतं.

प्रेरणानं पर्स उघडली. आत एकशेवीस रुपये होते आणि महिना संपायला चार दिवस. तिनं शंभरची नोट काढून दिली. गीताबाई गाडीत चढली, खिडकीची जागा धरली, आणि गाडी सुटायच्या आधीच पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढून शेजारच्या बाईला काठ दाखवू लागली.