तुलुगाकची मापे

चित्रपटवाल्या बाईने ज्या दिवशी तुलुगाकच्या छातीभोवती फीत गुंडाळून मापे घेतली, त्या दिवसापासून आमच्या वस्तीत प्रत्येक घरी कॉफीबरोबर तोच एक विषय उकळत राहिला.

तुलुगाक म्हणजे डोमकावळा. नाव पक्ष्याचे असले, तरी होती ती किल्लाकची कुत्री. काळीभोर, उजवा कान टोकाशी फाटलेला. त्याच्या घसरगाडीला जुंपलेल्या कुत्र्यांत सर्वांत लांब दोरी तिची, म्हणजे सर्वांच्या पुढे धावून वाट दाखवणारी तीच. बर्फ पातळ असेल तेथे ती थांबे, आणि मग चाबकाचा आवाजही तिला हलवू शकत नसे. गोठलेल्या खाडीवरची पहिली वाट दर वर्षी किल्लाकच पाडी, आणि इतर शिकारी त्याच्यामागून निःशंकपणे जात.

मी मात्र निःशंक नव्हतो. या वस्तीच्या प्रार्थनामंदिरात धर्मवचने वाचण्याचे आणि मुलांना अक्षरे शिकवण्याचे काम माझ्याकडे आयुष्यभर होते. मागच्या नाताळात मी पाहिले, की किल्लाक प्रार्थनापुस्तक उलटे धरून बिनचूक गात आहे. लोक गेल्यावर मी त्याला दाराशी थांबवले.

“मधलं काहीच दिसत नाही, गुरुजी,” तो म्हणाला. “कडेकडेनं थोडं दिसतं. पण तुलुगाक आहे ना! तुम्ही देवाला सांगा हवं तर. लोकांना नका सांगू. आंधळ्यामागं बर्फावर कोण येणार?”

म्हणजे त्याची शिकार, त्याचा मान आणि त्याच्यामागून येणाऱ्यांचे प्राण, हे सारे त्या एका दोरीच्या टोकाला बांधलेले होते.

वसंतात टोवे नावाची ती बाई आपली माणसे घेऊन आली आणि मासळीच्या रिकाम्या गोदामात उतरली. सूर्य मावळेनासा झाला होता. तिला हवा तसा प्रकाश आमच्याकडे अहोरात्र होता. तिच्या कथेतील नायकाची कुत्री काळी होती. तुलुगाकला पाहताच तिची नजर तेथेच खिळली.

“थोडं काम दक्षिणेत, स्टुडिओत करायचंय,” ती मला म्हणाली. “ही येऊ शकेल का?”

“आमच्या या भागात बाहेरचं कुत्रं आणता येत नाही, आणि इथून दक्षिणेला गेलेलं परत येऊ शकत नाही,” मी सांगितले. “कायदाच आहे तसा.”

“असं का?” ती म्हणाली, आणि पुन्हा कुत्रीकडेच पाहू लागली. ते पाहणे मला रुचले नाही.

त्यानंतर ती मापे झाली. त्यानंतर हेलिकॉप्टरमधून एक लांबट पेटी आली आणि गोदामाला प्रथमच कुलूप लागले.

किल्लाकची थोरली बहीण नाडुक हिच्या जिभेला कुलूप ठाऊक नव्हते. “मापं कशाला घेतली म्हणे? शिंप्याकडे पाठवायची आहे का तिला? अरे, पेटी बघितलीस? कुत्रं आडवं मावतं त्यात! झोपेचं औषध टोचतील नि घेऊन जातील. मग बस तू पडद्यावर तिला बघत!”

पडद्यावर बघत! तिला काय ठाऊक, ते शब्द भावाला कोठे लागले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या कुत्र्यांत ती लांब दोरी नव्हती.

“बेटावर ठेवून आलो,” तो कुजबुजला. “उन्हाळ्याच्या बेटावर.”

खाडी मोकळी झाली की आमची कुत्री उन्हाळाभर समोरच्या बेटावर राहतात. आपल्या हाताने त्यांना तेथे ठेवणे आमच्या अंगवळणी पडलेले. जाताना तिने बर्फ ओळखला होता. येताना बाकीची कुत्री आपल्याच चाकोरीवरून घरी आली. सुकी मासळी ठेवली होती, थोड्याच दिवसांची. परंतु बर्फ अद्याप गेलेला नव्हता, आणि तो कधी जाईल हे त्याने वाऱ्याला विचारले नव्हते.

वारा सुटला. बेटाच्या वाटेवरचा बर्फ फुटून त्याचे तुकडे पाण्यात एकमेकांवर आदळू लागले. गाडी जाईना, नाव शिरेना. वारा आमच्याकडे वळला की तिचे रडणे ऐकू येई. इकडे वस्तीच्या उत्तरेचा बर्फ शाबूत होता आणि शिकारी विचारत होते, “किल्लाक, निघायचं कधी?” तो कंबर धरून सांगे, “पाठ धरलीय रे.”

अखेर ज्यांच्यापासून तिला लपवले, त्यांच्याच दारी आम्हा दोघांना जावे लागले.

टोवेने बेटाची हकीकत ऐकून घेतली. मग पेटी उघडली. आत काळी कुत्री निजलेली होती. मी दचकलो. ती केसाळ कातड्याची, आत भुसा भरलेली बाहुली होती. उजवा कानसुद्धा तसाच फाटका.

“बर्फ फुटून कुत्री बुडते, असा प्रसंग आहे,” ती म्हणाली. “खरी बुडवू का मी? चोरच समजलात तुम्ही मला.”

किल्लाक खाली मान घालून उभा राहिला. “हेलिकॉप्टर पाठवते,” ती पुढे म्हणाली. “मात्र माझा कॅमेरावाला बरोबर जाईल.” ते ‘मात्र’ माझ्या मनात रुतले.

सारी वस्ती किनाऱ्यावर जमली. हेलिकॉप्टर बेटावर टेकले, उठले, आणि त्याने तोंड वळवले ते थेट दक्षिणेकडे.

“गेली!” नाडुक ओरडली. “बाहुली आपल्याला, खरी त्यांना! सांगत नव्हते मी?”

किल्लाक मला विचारत होता, “कुठं आहे? गुरुजी, कुठं आहे ते?” एका हिमनगाआड हेलिकॉप्टर नाहीसे झाले. टोवेच्या मुखाकडे मी पाहिले. त्यावर काहीच वाचता येईना. बऱ्याच वेळाने ते दुसऱ्या बाजूने प्रकटले. फुटलेल्या बर्फाचे चित्रण करून घेतले होते म्हणे.

कॅमेरावाल्याने कुत्रीला उतरवले. ती धावत येऊन किल्लाकच्या अंगावर झेपावली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बोटांनी तिचा उजवा कान शोधला; फाटलेले टोक चाचपले, पुन्हा चाचपले, तिच्या तोंडाजवळ हात नेऊन तिचा श्वास तळव्यावर घेतला. लोकांना ती माया वाटली. टोवेला वाटली नाही. ती त्याच्या उघड्या, समोर रोखलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता. तिने आपला तळवा भिंगावर ठेवला. किल्लाकने कान चाचपण्याआधी तो ठेवला की नंतर, हे मी आजही सांगू शकत नाही.

“गुरुजी,” किल्लाकने हळूच विचारले, “त्यांचं यंत्र चालू होतं?”

“बंद होतं.”

तो हसला. “प्रवचन देताना आवाज चढतो तुमचा. आत्ता उतरला.”

मग तो तुलुगाकचा गळपट्टा धरून वळला आणि शिकारी उभे होते त्या दिशेला तोंड करून मोठ्याने म्हणाला, “ऐका रे. माझी पाठ धरलेली नाही. मला समोरचं दिसत नाही. दोन हिवाळे झाले. तुम्ही माझ्यामागं नाही, हिच्यामागं येत होता. हे पडद्यावर कळण्याआधी माझ्या तोंडून कळू दे.”

मग नाडुकचा कापरा आवाज आला. “मेल्या, म्हणून माझ्या घरी कॉफी टेबलावर ओततोस होय! आणि मी आपली म्हातारपणाला दोष देतेय!”

कोणी हसले, कोणी हसले नाही. शिकाऱ्यांतला एक तरुण, मसाइत्सियाकचा मुलगा, मागच्या वसंतात किल्लाकनेच पाडलेल्या वाटेने बर्फावर गेला होता. तो किल्लाकसमोर आला आणि गळपट्टा घेण्यासाठी त्याने हात पुढे केला. किल्लाकला तो हात दिसला नसावा. तुलुगाकने हुंगला, तेव्हा त्याला कळले.

किल्लाकने गळपट्टा त्या हातात सोडायला वेळ घेतला. “थांबली की थांबायचं,” तो म्हणाला. “शिव्या द्यायच्या नाहीत.”

मी मागे वळून पाहिले. लाल दिवा पुन्हा लागलेला होता, आणि या वेळी भिंगावर कोणाचाही तळवा नव्हता.