नेलपॉलिशचा ठिपका

दुपारचे दीड वाजले तेव्हा सात संगणक चालू होते आणि आठवा अडून बसला होता.

शिनपू गावच्या शाळेत पटांगणापलीकडे जी जुनी खोली आहे, ती म्हाताऱ्यांच्या वर्गाची. तिथे तीन वर्षांपूर्वी पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरं गिरवली गेली आणि या वर्षी कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आठ संगणक आले. साल दोन हजार तीन, संगणक सत्त्याण्णवचे. पण म्हाताऱ्यांना नवं-जुनं कळतंय कशाला? त्यांच्यासाठी ते कालच जन्मलेले होते.

तीन वाजता नगर कचेरीतून तपासणीच्या बाई येणार होत्या. नियम सरळ होता. इंटरनेट चालणारे आठ संगणक असतील तर तो संगणकवर्ग. एक जरी कमी पडला तरी ती अडगळ, आणि अडगळ न्यायला टेम्पो सांगून ठेवलेलाच होता. मग खोलीत टेबल टेनिसची टेबलं लागणार आणि म्हाताऱ्यांनी आपापल्या अंगणात जाऊन पर्सिमनची फळं वाळवायची.

मान-मोई अंगणातूनच आली होती. नवव्या महिन्याचा वारा सुटला होता, फळं सोलायची घाई होती आणि तिचे दोन्ही हात चिकानं काळे पडले होते. वय अडुसष्ट. घरातली सातवी मुलगी. मान-मोई म्हणजे ‘मुली आता पुरे’, असं तिची आजी सांगायची. पुरे झालेल्या मुलीला शाळेत कोण घालतो? तिनं पहिलं अक्षर पासष्टाव्या वर्षी वाचलं, तेही याच खोलीत. म्हणून आज बाकीचे येण्याआधीच ती फडकं घेऊन हजर झाली होती.

चान मास्तर आठव्या संगणकापुढे मान खाली घालून बसले होते. चोवीस वर्षांचा पोरगा. सैन्यात जाण्याऐवजी सरकारनं त्याला इथे संगणक सांभाळायला धाडलं होतं. शिकला होता जंगलशास्त्र.

“काल सात केले ना, आठवा सकाळी दहा मिनिटांत करतो,” असं ते आदल्या दिवशी म्हणाले होते. त्या दहा मिनिटांनी सगळी सकाळ गिळली.

“काय म्हणतोय?” मान-मोईनं विचारलं.

“पिवळं चिन्ह दाखवतोय, आजी. नेटवर्क कार्ड आहे, पण त्याच्याशी बोलायचं कसं ते मला ठाऊक नाही, असं म्हणतोय.”

“मग शिकवा त्याला.”

“शिकवायची फ्लॉपी हीच. हिच्यातला ड्रायव्हर सातही जणांनी मुकाट्यानं घेतला. कार्ड तेच, खोकं तेच, वरचं लेबलही तेच. पाच वेळा काढला, पाच वेळा घातला. तरी हा कोरडा तो कोरडाच!”

“नवं कार्ड?”

“शहरात मिळेल. बसनं जाऊन-येऊन तीन तास.” मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

एवढ्यात चिऊ-लिएन आली. तिच्यामागून फानभाऊ आणि आणखी पाच-सहा जण. चिऊ-लिएन ही मान-मोईची कारखान्यातली जोडीदारीण. हुकोऊच्या त्या कारखान्यात दोघी बारा वर्षं शेजारी शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. फानभाऊ कौलांच्या भट्टीवरचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे आणि सगळ्यांच्या थट्टेचे धनी.

“का हो मास्तर, तोंड का असं?” चिऊ-लिएन म्हणाली. “बाई यायच्या आधीच नापास झालात?”

मास्तर हसले नाहीत. 

मान-मोईला रिकामं बसवेना. ती टेबलाच्या मागे गेली आणि आठव्या संगणकाची पाठ पुसू लागली. धूळ काही नव्हतीच, पण हाताला काम हवं होतं. वायर जिथे आत जाते तिथे कार्डाची बोटभर पत्र्याची पट्टी असते. त्या पट्टीच्या टोकाला तिला काहीतरी दिसलं. फडक्यानं घासलं. गेलं नाही. नखानं खरवडलं. तरी गेलं नाही.

तांदळाएवढा लाल ठिपका होता.

ती तशीच वाकून राहिली. मग उठून पहिल्या संगणकाची पाठ पाहिली. दुसऱ्याची, तिसऱ्याची. सातही पट्ट्या कोऱ्या होत्या.

“मास्तर,” ती म्हणाली, “हे कार्ड त्या सातांचं भावंड नाही.”

“अहो आजी, लेबल बघा ना, एकच आहे.”

“हुकोऊच्या कारखान्यात ही लेबलं मीच चिकटवत होते. लेबलाचं मला सांगू नका. ते सोलून खाली बघा.”

मास्तरांनी संगणक बंद केला, झाकण काढलं, कार्ड उपसलं. मधल्या काळ्या चिपवर कंपनीचं गुळगुळीत लेबल होतं. मान-मोईनं आपलं नख त्याच्या कोपऱ्याखाली घातलं आणि पर्सिमनची साल काढावी तसं ते एका दमात अख्खं सोललं. मास्तरांनी आणखी एक संगणक बंद करून त्यातलं कार्ड काढून दिलं, तिनं त्याचंही सोललं. मास्तरांनी दोन्ही खिडकीपाशी नेऊन धरली.

“चिप वेगळी आहे,” ते म्हणाले. “आजी, चिपच वेगळी आहे! तुम्हाला कसं कळलं?”

मान-मोईनं चिऊ-लिएनकडे पाहिलं. हे सहा वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“सत्त्याण्णव साली चिप संपली होती,” ती सांगू लागली. “तीन दिवस दुसऱ्या कंपनीची आली. तेच कार्ड, तेच लेबल. फ्लॉपी मात्र वेगळी घालायची, आणि फ्लॉपीवरचा कागद आधीच छापलेला, तोही सारखाच. ओळखायचं कशावरून, तर चिपवरच्या बारीक इंग्रजी अक्षरांवरून. साहेबांनी फळ्यावर लिहून दाखवलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला तर आपलीच अक्षरं येत नव्हती, इंग्रजी कुठली? चुकीच्या खोक्यात चुकीची फ्लॉपी गेली असती तर घरी बसवलं असतं. नव्या चिपची कार्डं आणि त्यांच्या फ्लॉप्या वेगळ्या पेटीतून यायच्या. म्हणून ती पेटी उघडली की लगेच पट्टीवर एक ठिपका, आणि फ्लॉपीच्या कोपऱ्यावर एक ठिपका. ठिपक्याला ठिपका, कोऱ्याला कोरं. तीन दिवसांत एक खोकं चुकलं नाही.”

“नेलपॉलिशनं,” चिऊ-लिएन म्हणाली. “माझ्या! लेकाच्या लग्नासाठी घेतलेली बाटली होती ती. अर्धी संपवलीस.”

“तिसऱ्या दिवशी साहेबांनी पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी ठिपका पाहिला, फ्लॉपी पाहिली, काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्याच्या सभेत त्यांना नव्या पद्धतीबद्दल बक्षीस मिळालं.”

“थर्मास!” चिऊ-लिएन म्हणाली. “ठिपका हिचा, बाटली माझी आणि थर्मास त्याला!”

“तुला अक्षरं येत होती,” मान-मोई हळूच म्हणाली. “तू चौथीपर्यंत शिकलेली. तुला ठिपक्याची गरज नव्हती. म्हणून मी तुला कारण सांगितलं नाही.”

 चिऊ-लिएननं कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बये! चौथीत इंग्रजी होतं का? मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आपल्या रांगेत चौदा बायका, चौदाही जणी तुझ्या ठिपक्याकडे बघून खोकी भरत होत्या! आम्हाला वाटायचं, मान-मोईला वाचता येतं, तिचं बघून चला.”

खोलीत सगळे एकदम हसले. मान-मोईला हसू आलं नाही. तिची पाठ मात्र आपोआप ताठ झाली. चौदा बायका. तीन दिवस. हजारो खोकी, आणि सगळी तिच्या ठिपक्यावर चाललेली.

मास्तर तेवढे हसत नव्हते. ते हातातल्या फ्लॉपीचा कोरा कोपरा बघत होते.

“आजी, म्हणजे आठांपैकी एका फ्लॉपीवर ठिपका असणार.”

“असणारच.”

“मी एक ठेवून बाकीच्या सात तुम्हाला वाटल्या. गेल्या महिन्यात. ज्यानं आपलं नाव न चुकता टाईप केलं त्याला एक. आणि सांगितलं की आधी पुसून कोरी करा, मग त्यात नाव साठवा.”

आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. पिशव्या उघडल्या गेल्या. ज्यांना बक्षीस मिळालं होतं त्यांनी आपापली फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. पहिल्यात चिऊ-लिएनचं नाव. ठिपका नाही. दुसरी, तिसरी. मान-मोईनं स्वतःची उलटसुलट केली, जणू महिनाभर रोज पाहिलेला ठिपका आज निघेल. सहा फ्लॉप्या झाल्या. सहाही कोपरे कोरे.

“सातवी?”

फानभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

“फानभाऊ,” चिऊ-लिएन गोड आवाजात म्हणाली, “तुमची कुठंय?”

“घरी.”

“पुसलीत ना? मास्तरांनी सांगितलं होतं तशी?”

फानभाऊंनी कान खाजवला. “त्याचं असं आहे,” ते म्हणाले, “आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कशात तरी साठवायचं. असं कसं कुठल्याही दिवशी साठवायचं? मी पंचांग काढलं. या महिन्यात एक दिवस धड नाही. नाव घालायला चांगला दिवस पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला आहे. तोवर लाल कागदात गुंडाळून वाडवडिलांच्या पूजेच्या फळीवर ठेवलीय.”

“म्हणजे पुसली नाही?” मास्तर ओरडलेच.

“रागावू नका मास्तर, सहा तारखेला नक्की—”

“आजोबा, स्कूटर कुठंय तुमची?”

फानभाऊ पंधरा मिनिटांत परत आले. शाळेच्या दारातूनच हात उंच करून आले, हातात लाल कागदाची घडी. मान-मोईनं ती उघडली. वरच्या उजव्या कोपऱ्यावर तांदळाएवढा लाल ठिपका होता, काल लावल्यासारखा ताजा.

“चांगलं नेलपॉलिश होतं माझं,” चिऊ-लिएन म्हणाली.

दोन वाजून वीस. मास्तरांनी दोन्ही कार्डं जागेवर बसवली, दोन्ही संगणक सुरू केले आणि आठव्यातला जुना ड्रायव्हर उपटून टाकला. फ्लॉपी आत सरकवली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. सहा वर्षांची फ्लॉपी, तीही अगरबत्तीच्या धुरात ठेवलेली. मान-मोईनं फडकं मुठीत आवळलं होतं. पडद्यावरची निळी पट्टी चालता चालता अर्ध्यावर थबकली.

“सांगितलं होतं,” फानभाऊ कुजबुजले, “आज दिवस चांगला नाही.”

“तुमचं तोंड बंद असेल तर चांगला आहे,” चिऊ-लिएन म्हणाली.

पट्टी हलली. शेवटाला गेली. संगणकानं आता बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची परवानगी मागितली. मास्तरांनी दिली. पडदा काळा झाला, आणि नेमक्या त्या वेळी दारात चपला काढल्याचा आवाज आला. तपासणीच्या बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

बाई चाळिशीतल्या, हातात यादी, चष्मा दोरीला. त्यांनी कुणाशी गप्पा मारल्या नाहीत. पहिल्या संगणकापाशी गेल्या, एक पान उघडायला लावलं, यादीत खूण केली. दुसरा. तिसरा. मास्तर त्यांच्यामागून चालत होते. जाता जाता ते मान-मोईच्या कानाशी वाकले.

“आजी, पत्ता तुम्ही भरा. वहीत आहे.”

संगणकांना घरासारखे क्रमांक द्यायचे असतात, हे मास्तरांनी काल शिकवलं होतं. गल्ली सगळ्यांची एक, घर प्रत्येकाचं वेगळं. दोन संगणकांनी एकच क्रमांक घेतला तर भांडण. मान-मोईनं वही उघडली. स्वतःच्याच अक्षरात लिहिलेली ओळ होती. पडदा उजळला तशी ती बसली. काळ्या बोटांनी एकेक आकडा दाबला. दाबला की वहीत बघायचं, बघितलं की पुढचा. शेवटचा आठ. ठीक म्हणायचं बटण. पुन्हा बंद होऊन सुरू व्हायचं.

बाई सहाव्यापाशी होत्या. मग सातव्यापाशी. सातव्यात पान उघडायला वेळ लागला आणि ‘अजून थोडा वेळ घे’ म्हणून मान-मोईनं मनातल्या मनात सातव्याचे पाय धरले.

“आठवा?” बाई म्हणाल्या.

मान-मोई उठली नाही. माऊस धरून तिनं बाईंच्याच कचेरीचं पान उघडलं. आधी वरची पट्टी आली. मग रिकामी चौकट. मग चौकटीत वरून खाली, ओळीओळीनं, कचेरीचं कौलारू छप्पर उतरत आलं, त्याखाली दार, दाराखाली पायऱ्या.

“ही कौलं आमच्या भट्टीची,” फानभाऊ म्हणाले.

बाईंनी यादीत खूण केली. “आठ,” त्या म्हणाल्या. तेवढंच. पण खोलीत कुणाचा तरी रोखून धरलेला श्वास मोठ्यानं सुटला.

जाण्याआधी बाई टेबलांच्या मागे जाऊन मालमत्तेचे क्रमांक तपासू लागल्या. आठव्याच्या मागे वाकल्या आणि चष्मा लावला.

“इथे काहीतरी लाल सांडलंय. पुसून घ्या. सरकारी वस्तू स्वच्छ ठेवायच्या असतात.”

मास्तर काहीतरी बोलणार होते. मान-मोईनं त्यांना हातानं थांबवलं.

“ते पुसायचं नाही, बाई,” ती म्हणाली. “तो डाग नाही. ती माझी खूण आहे. हे कार्ड वेगळं आहे, बाहेरून कळत नाही. ठिपका गेला तर पुढं कुणीतरी शिकलेला माणूस इथं डोकं धरून बसेल.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली.

“मग यादीत लिहायला हवं,” बाई म्हणाल्या. “शेऱ्याच्या रकान्यात. कुणी लावली ही खूण? नाव?”

चिऊ-लिएननं तोंड उघडलं होतं. “सांगू नकोस,” मान-मोई तिला म्हणाली. “मी लिहिते.”

तिनं बाईंच्या हातातलं पेन घेतलं, काळा अंगठा रकान्यावर उमटू नये म्हणून मनगट उचलून धरलं, आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. अक्षरं रकान्याच्या बाहेर गेली. बाईंनी ती तशीच राहू दिली.