खालून

आमच्या गावात 'खालून' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणालो, तर माझ्या तोंडात शेण घाला. छत्तीस वर्षं मी याच गावात मराठी शिकवलं.

गाव उतारावर आहे. टेकडीकडचं ते वरलं शिवार, नाल्याकडचं खाललं. वरून गेलो, खालून आलो, असं आम्ही रोज बोलतो. सोनगीरच्या बाजूने येणारी उच्चदाबाची लाईन वरल्या शिवारातून जाणार, शेतात मनोरे उभे राहणार, हे कळल्यावर ग्रामसभा पेटली.

"वरतून नको, खालतून लई जा!" सगळ्या गावाने एकच गिल्ला केला. म्हणजे जमिनीखालून, केबल पुरून. ठराव लिहायला मी बसलो, कारण गावाचे कागद माझ्याच अक्षरात जातात. मी लिहिलं: 'लाईन वरून नेण्यास गावाचा विरोध आहे. ती खालून न्यावी, त्यास गावाची संमती आहे.' तेव्हा मनात पाप नव्हतं. घाई होती आणि अक्षराचा तोरा होता.

दोन महिन्यांनी मोजणीवाले आले आणि त्यांनी खालल्या शिवारात खुंट्या ठोकल्या. एक खुंटी हिलालच्या लिंबूबागेत, त्याच्या दारापासून दहा पावलांवर. हिलाल माझा पहिलीपासूनचा दोस्त. दुसरीत त्याची शाळा सुटली, सहीपुरतंच लिहितो. ती बाग आणि बागेतल्या दोन खोल्या, एवढाच त्याचा संसार. लाईनखाली घर ठेवू देत नाहीत, झाडंही नाहीत.

शिंदखेड्याला सुनावणी लागली. ती सुरू होण्याआधी सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला बाहेरच्या बाकावर गाठलं. माणूस सभ्य होता.

"गुरुजी, ही लाईन जमिनीखालून होणार नाही. तो विषय संपलाय. ठरावाचा अर्थ तेवढा तुम्ही सांगा. खालचं शिवार म्हणायचं नसेल, तर आम्ही जुन्या आखणीवर जाऊ."

जुनी आखणी माझ्या वरल्या मळ्यावरून जाते. तिथे माझ्या प्रेमराजने गेल्याच वर्षी घर बांधलं. सून ज्योती सातव्या महिन्यात आहे.

आत गेलो. साहेबांनी ठराव वाचून दाखवला आणि विचारलं, "यातलं खालून म्हणजे काय?"

मी उभा राहिलो. हिलालची बायको प्रमिलाबाई मागून ओरडली, "सांगा ना, गुरुजी! जमीनखालतून, आसंच ठरनं व्हतं!"

तिचं बरोबर होतं. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. वरल्या शिवारवाले मात्र आपापल्या पायांकडे बघत बसले, आणि मला त्यांची चीड आली. जणू मी त्यांच्यातला नव्हतोच.

हिलालने तिला दंडाला धरून खाली बसवलं. "गप बस. गुरुजीसनी लिखेल शे. त्या चुकतीन का?"

तो असं बोलला नसता तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. छे, हेही खोटं. बाकावरून उठलो तेव्हाच माझं ठरलं होतं.

"खालचं शिवार," मी म्हणालो. माझा आवाज वर्गात असायचा तसाच खणखणीत निघाला. त्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या आठवड्यात लिंबांच्या झाडांवर पिवळ्या रंगाने आकडे पडले. काल सकाळी हिलाल टोपलीभर लिंबं घेऊन माझ्या ओट्यावर आला.

"सूनबाईले द्या. झाडं आते कापाई जातीन."

मी टोपली घेतली. तो गेला नाही, ओट्यावरच टेकला.

"एक अर्ज लिखी द्या, गुरुजी. तुमनं अक्षर साहेब लोके मानतस."

"काय लिहू?"

"तेच. लाईन खालतून लई जा."

मी चष्मा लावला, कागद घेतला. या वेळी 'जमिनीखालून' असा अख्खा शब्द लिहिला, सुवाच्य, आणि खाली सहीची जागा त्याला बोटाने दाखवली.