भाड्याची बीट

आमच्या भुंग्याच्या गाण्याचा गळा आम्हीच दाबत होतो, तेही प्रेमाने.

भुंगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाळण्यातही गुणगुणायचा, म्हणून ते नाव पडलं. त्याने पहिलं गाणं माझ्या लाँड्रीत रेकॉर्ड केलं, टांगलेल्या कोटांच्या मधोमध उभं राहून. कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. शब्द त्याचे, आवाज त्याचा. मागची बीट, म्हणजे तयार ठेका आणि संगीत, मात्र एका बाईकडून भाड्याने घेतलेली. करार भाड्याच्या खोलीसारखाच: राहा, पण खोली तुमची नाही. गाणं ठरावीक वेळा वाजलं की नवा करार करायचा, नाहीतर ते नेटवरून काढून टाकायचं.

ही शेवटची अट त्या शहाण्याने घरात कुणाला सांगितली नव्हती. आम्हाला वाटलं, जितकं वाजेल तितकं त्याचं भलं. मी दुकानात दिवसभर तेच लावायचे, गिऱ्हाइकांच्याही गळ्यात मारायचे. आई घरी तेच करायची. मावशी तर गाणं चालू ठेवून फोन उशीखाली घ्यायची.

एका दुपारी भुंगा दुकानात आला. चेहरा पार उतरलेला.

"ताई, ते बंद कर."

"का रे, स्वतःलाच कंटाळलास?"

"मर्यादा भरत आलीये गं. आणि त्या बीटवालीच्या पानावर 'विकली' असं आलंय. कुणीतरी बीट कायमची घेतली. म्हणजे आता नवा करार नाही. मर्यादा भरली की गाणं गेलं."

मी इस्त्री उभी केली. फोनवर तो अजून गातच होता. मी फोन बंद केला आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

मग आमचा उलटा कारभार सुरू झाला. ज्यांना 'ऐका, ऐका' म्हणून भंडावून सोडलं होतं, त्यांना 'ऐकू नका' म्हणून फोन केले. मावशी रुसली. आईने तर फोन बंद करून कपाटात कुलपात ठेवला. चुकून बोट लागलं तर काय घ्या, म्हणाली.

भुंगा कोटांखाली बसून राहिला.

"तसंही त्यात माझं होतं काय? चार शब्द. पुन्हा नाही गाणार मी."

हे ऐकून मात्र माझं डोकं फिरलं.

"त्या बीटवालीला फोन केलास?"

"विकल्यावर काय बोलायचं?"

"तोंड आहे ना? गाताना चांगलं उघडतं."

करारावर तिचा नंबर होता. मीच लावला आणि स्पीकर चालू केला. तिच्याकडे कुठलंसं मूल रडत होतं. मी सगळं सांगितलं.

"विक्री ठरलीये, म्हणून तसं लावलंय," ती म्हणाली. "सह्या संध्याकाळी आहेत. तोपर्यंत बीट माझीच. आत्ता करत असाल तर बिनमर्यादेचा करार देते. आधीचे करार नव्या मालकाला पाळावेच लागतील, तसं मी लिहून घेतेय."

भुंगा ताडकन उठला आणि त्याच्या डोक्याला हँगर लागले. करार फोनवर आला. मी त्याला तो मोठ्याने वाचायला लावला, दोनदा. सही झाली, पलीकडून तिचीही आली, आणि मी धुण्याच्या गाठोड्यावर मटकन बसले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "गाण्यात मधूनच टकटक येते, ती कसली? माझ्या बीटमध्ये नाहीये ती. ही बीट बऱ्याच जणांनी घेतली, पण तुमचं गाणं मी त्या टकटकीवरूनच ओळखते."

भुंग्याने माझ्याकडे पाहिलं, मी ड्रायरकडे. रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद कर म्हणून भुंगा गयावया करत होता, आणि गिऱ्हाईक थांबणार नाही म्हणून मी ऐकलं नव्हतं. आत कुणाच्यातरी जीन्सचं बटण पत्र्यावर आपटत होतं.

"ती आमची आहे," भुंगा म्हणाला.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी आई कपाटासमोरच खुर्ची टाकून बसली होती, राखणीला. आम्ही सगळं सांगितलं. करार, सह्या यातलं तिने काही विचारलं नाही. किल्ली काढली.

"मग आता ऐकू का रे?"

"ऐक की."

फोन सुरू व्हायला वेळ लागत होता. तेवढाही धीर न धरता भुंगा स्वतःच गायला लागला, आणि मी कपाटाच्या दारावर बोटाने टकटक धरली.