मुकादमाची नजर

आमच्या ताईच्या कुत्र्याचं आणि माझं कधीच पटलं नाही. त्याचं नाव मुकादम. ताईने गमतीत ठेवलं होतं, पण तो ते मनावर घेऊन बसला. मी या खोलीतून त्या खोलीत निघाले की हा उठतो, मागे येतो, मी काय करते ते बघतो, नापसंतीने गुरगुरतो आणि परत ताईच्या पायाशी जाऊन पडतो. सहा वर्षं त्याला दोन्ही वेळा खायला मी घालते. त्याची जाणीव म्हणून नाही.

या मुकादमाचं चित्र काढायची वेळ माझ्यावर आली, कारण ताई बाथरूममध्ये दुसऱ्यांदा पडली. पहिल्या वेळी मी तिला उचललं. दुसऱ्या वेळी मला उचलवेना. शेजारी येईपर्यंत आम्ही दोघी अर्धा तास ओल्या फरशीवर बसून होतो. ती चौऱ्याहत्तर वर्षांची, मी अडुसष्टची. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास नर्स असेल अशा ठिकाणी हलवा. एका वृद्धाश्रमात तशी खोली पुढच्या सोमवारपासून मिळत होती. कुत्र्याला मात्र तिथे परवानगी नव्हती.

"मग त्याचं चित्र काढून दे," ताई म्हणाली. "तू रंगीत पेन्सिलींनी काढतेस ना, तसं. हुबेहूब जमलं तर जाते. नाही तर मी इथून हलायची नाही."

"आणि परत पडलीस तर?"

"तर पडेन."

ताईने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. एक टाका वाकडा गेला तर अख्खी बाही उसवणारी बाई ती. हुबेहूब म्हणजे तिला काय लागतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. पण हट्टात मीही तिचीच बहीण. त्या दिवशी शनिवार होता, त्या सोमवारला अजून नऊ दिवस होते. म्हटलं, जमवतेच.

मी पांढरा लेप दिलेल्या गुळगुळीत लाकडी पॅनेलवर काम करते. लोकांना वाटतं ते सोपं असेल. खरखरीत कागद रंग धरून ठेवतो, त्यावर कितीही थर चढवा. पॅनेलवर चार-पाच थर बसतात, पुढे पेन्सिल नुसती घसरते. पण एकेक केस सुटा उमटतो तो तिथेच. आधी शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून मिशा कोरल्या. वरून रंग फिरवला की त्या खाचा पांढऱ्याच राहतात. मग फिकटापासून गडदाकडे गेले. मोबाइल समोर धरला की मुकादम तोंड फिरवतो, म्हणून सगळं समोर बसून, बघून काढलं. लांबून तो नुसता तपकिरी दिसतो. जवळून मानेच्या केसांत निळा निघाला, कानाच्या आत जांभळा. इतके चांगले रंग या प्राण्याला मिळावेत याचं मला थोडं वाईटच वाटलं.

गुरुवारी दुपारी चित्र ताईच्या मांडीवर ठेवलं. तिने चष्मा लावला, वर भिंगही घेतलं.

"कान त्याचाच. नाकावरचा ओरखडाही बरोबर," ती म्हणाली. "पण हा तुझ्याकडे बघतोय."

"मीच समोर बसले होते. मग कुणाकडे बघणार?"

"तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस की तो असा बघतो. माझ्याकडे असं कधी बघत नाही. हे नको मला."

माझं डोकं फिरलं. पेन्सिलींचा डबा आपटून मी बाहेर गेले, दोन गल्ल्या तणतणत फिरले. परत आले तेव्हा मुकादमाने दारातच मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी टेबलावरच्या चित्राकडे बघितलं. तीच नजर, तसूभरही फरक नाही. ताईचं खरं होतं.

शुक्रवारी सकाळी ब्लेड आडवं धरून मी दोन्ही डोळे खरवडले. पॅनेलवरचा पांढरा लेप पातळ असतो. एकदा खरवडला तर तो पुन्हा रंग घेतो. दुसऱ्यांदा पातं थेट खालच्या लाकडाला लागतं. म्हणजे आता चुकायची सोय नव्हती.

राहिली ती नजर. मी ताईच्या खुर्चीत बसले, तर मुकादम उठून ताईकडे गेला. तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले, तर नजर माझ्या कानाजवळून निघून जायची. मागे उभी राहिले, तर तो मान उंचावून माझ्यावरच गुरगुरायचा. तासभर हा तमाशा चालला.

"इकडे ये," ताई म्हणाली. "डोकं ठेव इथे." आणि तिने स्वतःचा खांदा थोपटला.

मी गालाला गाल लावून बसले. लहानपणी ताप आला की ती मला अशी धरून बसायची, त्यानंतर कधी नाही. तिच्या खांद्याचं हाड मला टोचत होतं. मला रडू आलं. तिला घरातून मीच काढत होते, आणि चित्र कितीही चांगलं झालं तरी ते बदलणार नव्हतं. पण ओल्या डोळ्यांनी बारीक काम होत नाही. डोळे पुसले आणि मुकादमाकडे बघितलं.

तो काही मागत नव्हता. ती आहे ना, एवढंच बघत होता. भुवया किंचित वर, खालची पापणी सैल. मी बघायचे, टेबलाशी जाऊन चार रेघा ओढायचे, परत येऊन खांद्यावर डोकं ठेवायचे. शुक्रवार, शनिवार असेच गेले. पहिल्या दिवशी मी जवळ आले की तो गुरगुरायचा. दुसऱ्या दिवशी त्याला कंटाळा आला.

रविवारी दुपारी चित्र परत तिच्या मांडीवर ठेवलं. ताईने चष्मा लावला. मग भिंग डोळ्यावर आणलं.

"डोळ्यात ही खिडकी ना?"

"हो. आपल्या मागची."

"आणि खिडकीत काळं दिसतंय ते माझं डोकं. त्याला चिकटून हे दुसरं काय?"

"ते मी. तिथे होते म्हणून काढलं." मला एकदम धास्ती वाटली. "नको असेल तरी आता खरवडता येणार नाही, ताई. खाली लाकूड आहे."

"नको कोण म्हणतंय?" तिने भिंग खाली ठेवलं. "मला तीच तर काळजी होती गं, तुमचं दोघांचं कसं जमेल याची. उद्यापासून तो तुझ्याकडेच बघणार आहे."

मुकादम तिच्या पायाशी झोपला होता. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"बॅग कपाटावर आहे," ती म्हणाली. "काढ खाली."