आठव्या चौकोनाचा डाग

भुवना डॉक्टरांनी हरिप्रियाच्या पाठीवर वीस बारीक डब्या असलेल्या पट्ट्या चिकटवल्या, शाईने खुणा केल्या आणि तामिळमध्ये बजावलं, की शुक्रवारच्या शेवटच्या तपासणीपर्यंत पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. तंजावुरात, ऐन चैत्रात, घाम येऊ द्यायचा नाही म्हणे! एरवी हरिप्रियाला हसू आलं असतं, पण गळ्याची आग हसू देत नव्हती.

डबीडबीत वेगळा पदार्थ होता. निकेल, रबर, केसांचा रंग, सुवास, काय न् काय. जो अंगाला सोसत नाही, त्याच्या जागी पाठ लाल होणार. डॉक्टरांचा संशय निकेलवर होता, कारण पुरळ उठायचं ते नेमकं गळ्यातल्या टाकाखाली.

टाक सवतीचा. मुरलीची पहिली बायको विनुता चार वर्षांपूर्वी तापाने गेली. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीची चांदीची प्रतिमा गळ्यात घालायची, म्हणजे गेलेली रुसत नाही. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत मराठी अक्षर वाचणारं माणूस शोधून सापडत नाही, पण ही रीत मात्र कुणी विसरलं नव्हतं.

दर शुक्रवारी सकाळी मुरली टाक देव्हाऱ्यात ठेवून स्वतः पूजा करी आणि संध्याकाळी तो पुन्हा तिच्या गळ्यात घाली. शनिवारी गळा पेटलेला असे. विनुता गेली तोही शुक्रवारच, हे सासूबाई, धनलक्ष्मी, शेजारणींना न विसरता सांगत. हरिप्रियाचे वडील पापनाशमहून येऊन म्हणाले होते, की त्या गेलेल्या बाईला तू या घरात नको असशील तर आपलं घर उघडं आहे. हरिप्रियाला जायचं नव्हतं. मुरलीवर तिचा जीव जडला होता. एरवी चार हात लांब राहणारा तो अबोल माणूस शुक्रवारी टाक घातला की तिच्या गळ्याशी तोंड लपवून बराच वेळ बसे. तेवढ्यासाठी ती उरलेला आठवडा खाजवत काढी.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. शुक्रवारी तिला वास यायचा. मोगऱ्याचा नव्हे, धुपाचा नव्हे. गोड, उंची, कुठल्याशा बाईचा. ती माजघरात गेली की तोही माजघरात येई. घरात सेंट कुणीच लावत नव्हतं. भिंतीवरच्या फोटोतली विनुता तेवढी सगळं ठाऊक असल्यासारखी हसत असे.

बुधवारी पट्ट्या काढल्या. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून मोबाइलवर दाखवला. निकेलची जागा स्वच्छ होती. आठवा चौकोन मात्र लालभडक, वर बारीक फोड. आठवा म्हणजे सुवास. चोर सापडला, डॉक्टर खुशीत म्हणाल्या, आता तो घरात कुठे लपलाय ते तू शोध. हरिप्रियाला दर शुक्रवारचा तो वास आठवला. विनुता येते, याला आता डॉक्टरांचा कागदही मिळाला होता.

दवाखान्यात गर्दी नव्हती म्हणून ती तासभर आधीच घरी पोचली. न्हाणं झालेलं नव्हतं, तेव्हा देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. आत मुरलीने टाक धुतला, गंध लावलं. मग समईमागे हात घालून एक चपटी बाटली काढली. तिच्या तळाशी थोडासा सेंट होता. त्याचा एक थेंब त्याने टाकाच्या मागच्या बाजूला चोळला, टाक नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

तोच वास दारापर्यंत आला. भूतबीत काही नव्हतं. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. शुक्रवारी तो कुणाच्या गळ्याशी येत होता, ते तिला कळलं. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"अक्काचें आहे?" तिने विचारलं.

मुरली दचकला, पण बाटली लपवली नाही. "तिचा वास विसरत चाललों होतों," तो म्हणाला. "तुला बाधेल हें ठाऊक नव्हतें."

"अक्काला इथेंच राहूं द्या. माझ्या गळ्यांत तिला शोधूं नका."

टाक देव्हाऱ्यातच राहिला. सासूबाई कुरकुरल्या, डॉक्टरांचा कागद पाहून गप्प बसल्या. तीन आठवड्यांत गळा पहिल्यासारखा झाला. आता काही त्रास नाही, न्यायला येऊ नका, असं हरिप्रियाने वडिलांना फोनवर सांगून टाकलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी ती अंग धुऊन नेहमीच्या जागी, झोपाळ्यावर बसली. मुरली देवघरात गेला आणि टाकाशी तोंड नेऊन तिथेच बसून राहिला. दिवेलागण होऊन गेली. हरिप्रियाने गळ्यावरून बोटं फिरवली. एकही पुरळ नव्हतं, आणि तिथे यायला कुणी उठलंही नाही.