बिरड्याचं शेत

हसाजी रोहेकर सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर मास्तर होते. लोक ज्यांना शनवार तेली म्हणतात, त्या बेने इस्रायल ज्यूंपैकी. शाळा शनिवारी बंद ठेवत आणि रविवारी भरवत. मी जव्हार संस्थानाचा तलाठी. संस्थान विलीन झालं, दरबार गेला, दप्तर तेवढं माझ्या डोक्यावर राहिलं. पाड्याला आम्ही दोघेही परके, म्हणून आमचं जमायचं.

एकावन्नच्या वैशाखात तो पाडा जळाला. कोंडी नावाच्या विधवेने राब भाजायला घेतला होता. रोपं टाकायची जागा पालापाचोळा पसरून जाळून घेतात, ती पहाटे, वारा पडलेला असताना. त्या दिवशी आटत आलेल्या झऱ्यावर हंडा भरेपर्यंत तिला उन्हं आली आणि तिने भर दुपारी काडी लावली. कारवीची अकरा घरं तासाभरात गेली. माणूस एकही दगावलं नाही.

भगताने सांगितलं, जमीन आपल्यावर कोपली, इथं आता चूल पेटवायची नाही. लोक पोशेऱ्याला, मोखाड्याला नातलगांकडे निघाले. कोंडीला कोणी शिवी दिली नाही. कोणी बोललंच नाही, आणि ते तिला जास्त लागलं. पाडा पुन्हा बसला नाही, तर तो आपल्या हाताने उठला, हे ओझं घेऊनच तिला मरायचं होतं.

हसाजींची बायको आणि मुलगा आधीच इस्रायलला गेले होते. त्यांचीही बोट पंधरा दिवसांवर आली होती. अशात ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "एक कागद लिहून द्या. जळकी जागा विकत घ्यायची आहे."

मला वाटलं, ऊन लागलं. "अहो, ती जमीन सरकारी. बुधा पाड्याचा कारभारी असला, तरी त्याला विकायचा हक्क नाही. त्या कागदाची किंमत दाण्यांच्या पुडीइतकी."

"पुडीइतकी तरी आहे ना," ते म्हणाले. "आमच्यात बिरड्याचा रोजा असतो. आमचं देऊळ जळालं, लोकांना धरून परमुलखात नेलं, त्याचा उपास. सोडताना वालाचं बिरडं खातो. हे होणार, असं एका संदेष्ट्याने आधीच सांगितलं होतं. लोकांनी त्याला कैदेत टाकलं. शहराला वेढा पडलेला, आणि त्याने नेमकं तेव्हाच गावाकडचं शेत विकत घेतलं. कागद मडक्यात ठेवला. म्हणाला, इथं पुन्हा घरं होतील, मळे लागतील."

"लागले?"

"सत्तर वर्षांनी लोक परतले."

"म्हणजे तो मेल्यावर."

"हो, मेल्यावर," ते शांतपणे म्हणाले.

वेड्यांच्या बाजारात शहाण्याने वाद घालू नये. मी कागद लिहिला. हसाजींनी मोबदला म्हणून आपला तांब्याचा हंडा दिला. बुधा राखेत उभा राहून म्हणाला, "जळकं घेतोस, गुरजी?"

"राब भाजल्याबिगर रोप येतं का?" हसाजी म्हणाले. त्यांनी कागद कोंडीच्या बियाण्याच्या मडक्यात ठेवला, तोंड शेणाने लिंपायला लावलं आणि तिला सांगितलं, "पाऊस सरला की इथं वाल पेर." मग ते गेले.

पाऊस सरल्यावर कोंडी भगताकडे गेली. भगताने फार वेळ तंबाखू चोळली. मग म्हणाला, "कोप आपल्यावर व्हता. जमीन आता गुरजीची. त्याच्या शेतात पेरायला काय हरकत?" तिने वाल पेरले. राखणीला खोप आली, खोपीत चूल आली. चूल गुरजीच्या जागेत, म्हणून चाललं. पुढच्या वर्षी बुधाने शेजारी कूड उभा केला.

पंचावन्न साली पाहणीला गेलो, तेव्हा तिथे नऊ घरं होती. मधोमध वालाचा एक तुकडा होता. त्यातलं पीक कोणी खात नसे. कोंडीने मडकं आणून माझ्यापुढे ठेवलं. खाली तो कागद, वर चार वर्षांचे वाल.

"गुरजीचं हाय," ती म्हणाली. "त्याला लिव, शेत हाय, पाडा हाय. लई लांब गेलाय. ज्याचं शेत हाय त्याला परत यायला पायजे का नाय?"

मला त्या म्हातारीचा राग आला, हसाजींचा आला, आणि स्वतःचाही आला. ती जमीन कायद्याने त्यांची नव्हती, हे मीच त्यांना ठणकावून सांगितलं होतं.

तिथेच ओट्यावर बसून मी पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली, "तुमच्या शेतात यंदा वाल चांगला आला आहे."